काचेपुढची काच

शेगावी वैशाखात वारा सुटला म्हणजे काळ्या मातीची बारीक धूळ पापण्यांवरही बसते. तेव्हा २०१६ साली कॅमेरा घेतला त्याच दिवशी त्याच्या भिंगापुढे मी यूव्ही फिल्टर फिरवून बसविला, यात नवल ते काय? फिल्मच्या काळी या काचेस खरे काम असे. अतिनील किरणांमुळे दूरचे डोंगर निळसर, धुरकट उमटत, ते ती आवरी. डिजिटल कॅमेऱ्यात तो बंदोबस्त आतच केलेला असतो. माझ्या फिल्टरला उरली ती केवळ रखवाली, आणि ती तो इमानाने करी. स्टेशनच्या फलाटावर एकदा कॅमेरा आपटला, तेव्हा तडा त्याला गेला, भिंग शाबूत राहिले. मी लगेच दुसरा आणला!

त्याच वर्षी दिवाळीत वडील अंगणात पणती लावीत होते. मी छायाचित्र टिपले. पाहतो तो त्यांच्या कपाळावर हिरवट डाग! पणती चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. तिचा उजेड आतून उलटून त्या सपाट काचेवर आदळला आणि तिचे भूत नेमके समोरच्या वरच्या कोपऱ्यात उमटले.

"पुढल्या दिवाळीस पुन्हा काढू," मी म्हणालो. ती दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

आता उन्हाळ्यात फिल्टर लावतो, दिवेलागणीस काढून खिशात टाकतो. तो डाग संगणकावर पुसून देतो, असे मुलगा म्हणतो. त्याखालचे कपाळ कोठून आणणार, हे मात्र त्याने अद्याप सांगितलेले नाही.