एका शून्याचा घोळ

आमचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बकासुर इथलाच. भीमाने त्याला मारलं असेल. पण त्याची भूक गावातच राहिली आणि सध्या तिचा मुक्काम माझ्या भाच्याच्या खोलीत आहे. बकासुराला गाडाभर अन्न लागे, याला आठवड्याला सुट्या भागांचं एक पार्सल लागतं.

भाचा इथरनेटचा ‘फिजिकल लेअर’ बनवतो आहे. मी पडलो कॉमर्सवाला. तो म्हणाला, “मामा, तुमच्या बँकेतला शिपाई समजा. चिठ्ठीत काय लिहिलं हे त्याले समजत नाही. या टेबलावरून त्या टेबलावर बिनचूक नेते.” हे मात्र पटलं. साहेब रजेवर गेले तरी बँक चालते. शिपाई रजेवर गेला की कळतं!

इथरनेट १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीत रॉबर्ट मेटकाफ यांना सुचलं. आधी जाडजूड केबल होती. १९९० साली पिळलेल्या तारांच्या जोडीचं प्रमाण ठरलं. सेकंदाला एक कोटी बिट, अंतर १०० मीटर. पीळ अशासाठी, की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा. पलीकडचा वाचतो तो फक्त दोघींमधला फरक. संसारात दुसरं काय असतं?

भाच्याने आपला नकाशा जगाला खुला करून टाकला. कोणीही पाहावा, बनवावा. बहीण हादरली. “नोकरी सोडून फुकट काहून वाटून राहिला रे बाप्पा?”

चाचणी झाली. एक मीटर तारेवर शंभर निरोप धाडले, शंभर पोचले. मग शंभर मीटर तार अंगणातून विहिरीला वळसा घालून नेली. निम्मेही पोचेनात. तीन आठवडे पोरगं धड जेवलं नाही. बहीण मला म्हणाली, “भाऊ, तूच सांग त्याले. बँकेत चिकटव कुठंतरी.”

तेवढ्यात कुण्या अनोळखी माणसाचा ईमेल आला. तारेच्या टोकाला १०० ओहमचा रोध हवा, नकाशात १००० पडले आहेत! रोध जुळला नाही तर लाट भिंतीवर आपटल्यासारखी परतते आणि मागून येणाऱ्या निरोपांत मिसळते. आखूड तारेत ती चटकन विरते, लांब तारेत गोंधळ घालते. आमच्याकडे एका शून्यापायी माणसाची बदली होते. इथे एक रोध बदलला आणि शंभरच्या शंभर निरोप विहिरीपलीकडे पोचले.

बँकेत लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा. भाच्याने वही उघडी ठेवली, म्हणून त्याला तपासणारा सारं जग मिळालं, तेही बिनपगारी.

बहिणीने विचारलं, “त्या मानसाले आता काय देणं लागते?”

“त्याचा नकाशा आला की आपण तपासायचा,” भाचा ताटावर बसत म्हणाला.

इतकं साधं व्याज मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही. नोकरीचा विषय बहिणीने त्या दिवसापुरता काढला नाही. तिने त्याला आणखी एक पोळी वाढली.