भाजणे, मारणे, मुरवणे

बुरशी या शब्दाला मराठीत प्रतिष्ठा नाही. भाकरीला बुरशी येते, पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना येते. आणि विचारांना आली की आपण त्यांना 'बुरसटलेले' म्हणतो. सुधारणावादी गद्याने हे विशेषण इतक्या सढळपणे वापरले आहे की बुरशी म्हणजे जुने, कुजके, फेकून देण्याजोगे काही, हे समीकरण आपण तपासूनही पाहत नाही. त्यामुळे शेतीविषयक पत्रकात 'मित्रबुरशी' हा शब्द प्रथम वाचला, तेव्हा वर्गात विरोधाभास अलंकार शिकवायला एक चांगले उदाहरण मिळाले, एवढेच वाटले होते. मी डोंबिवलीत राहून मराठी शिकवतो. माझ्या मामांची शेती मुरबाड तालुक्यात आहे. शब्द माझ्याकडे आणि माती त्यांच्याकडे, अशी ही वाटणी. मित्रबुरशीने मात्र ती थोडी विस्कटली.

या बुरशीचे नाव ट्रायकोडर्मा. पेर्सून या शास्त्रज्ञाने १७९४ साली हे नाव दिले, पण तिचा खरा स्वभाव कळायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. १९३२ साली रिचर्ड वाइंडलिंग यांनी दाखवून दिले की, रोपे कोलमडवणाऱ्या रायझोक्टोनिया या बुरशीवर ट्रायकोडर्मा स्वतःच परजीवी म्हणून जगते. तिचे तंतू शत्रूच्या तंतूंना वेटोळे घालतात, विकरे सोडून त्यांच्या पेशीभित्तिका विरघळवतात आणि आतला ऐवज शोषून घेतात. शिवाय मुळांभोवतीची जागा आणि अन्न ती आधीच बळकावून बसते. काही वेळा तिच्या सहवासाने झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते. परोपजीवी लेखनाला आपली समीक्षा बांडगूळ म्हणून हिणवते. परजीवीवर जगणाऱ्या या परजीवीला काय म्हणावे, याचा मात्र आपण विचार केलेला नाही.

तथापि मला जास्त विचारात पाडले ते क्रियापदांनी.

ठाणे जिल्ह्यात भातशेतीची एक जुनी रीत आहे : राब भाजणे. रोपासाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, झाडांचा टाहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात ते पेटवून द्यायचे. वरच्या थरातले तणाचे बी आणि काही रोगकारक जीव जळतात, राख खत होते, आणि पाऊस पडला की भात पेरायचे. या राबासाठी लागणारा टाहाळ जंगलातून येई. इंग्रजी अमलात वनखात्याने त्यावर बंधने आणली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की १८८५ साली सरकारला वन-आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. म्हणजे रोपाखालची माती शुद्ध कशी करावी, हा प्रश्न इथे एकेकाळी सरकारदरबारी पोचला होता.

पुढे भाजण्याच्या जोडीला 'मारणे' आले. मराठी शेतकरी औषध 'मारतो'. माणसाला औषध देतात, पिकाला मारतात! मामा भातानंतर मिरची, वांगी, भेंडी करतात. माल कल्याणच्या बाजारात येतो. रोपवाटिकेत मिरचीची रोपे बुडाशी काळी पडून आडवी होऊ लागली की बुरशीनाशक हा एकच उपाय त्यांना माहीत होता, आणि तो लागूही पडे. पुढच्या वर्षी रोपे पुन्हा कोलमडत.

ट्रायकोडर्माच्या बाबतीत ही दोन्ही क्रियापदे निरुपयोगी ठरतात. ती बियाण्याला 'चोळायची' असते, एक किलो बियाण्याला साधारण ४ ते ५ ग्रॅम. नाहीतर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून एक-दोन आठवडे सावलीत, ओलसर ठेवून 'मुरवायची' असते. मुरवणे हे स्वयंपाकघरातले क्रियापद आहे, आणि म्हणूनच मामांच्या आधी ते मामींना कळले. "दूध फार तापलेलं असलं की विरजण लागत नाही," त्या मामांना म्हणाल्या, "हे पण तसंच दिसतंय. ढीग उन्हात ठेवू नका." विद्यापीठीय भाषेत यापेक्षा अधिक काही सांगता आले असते, असे मला वाटत नाही.

मामांची शंका वेगळी होती. "अरे, औषध मारलं की दोन दिवसांत फरक दिसतो. याचं मी काय बघू?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ज्या वाफ्यावर ट्रायकोडर्मा घालायची, त्यावर बुरशीनाशक ओतून चालत नाही. ते मित्रालाही मारते. म्हणजे हातातले खात्रीचे शस्त्र खाली ठेवून, जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर विसंबायचे, आणि तेही वर्षाचे उत्पन्न पणाला लावून. त्यात पहिले पाकीट निघाले मुदत उलटलेले. दुकानदाराला त्यात वावगे वाटले नाही. पावडर ती पावडर! पण ती पावडर नसते. नियमाप्रमाणे तिच्या एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजघटक असावे लागतात. उन्हातल्या फळीवर पडून राहिलेल्या पाकिटात उरते ती पांढरी भुकटी.

दुसरे पाकीट ताजे मिळाले. त्या हंगामात रोपे कोलमडायची पूर्ण थांबली नाहीत, कमी झाली. मामांनी तेवढ्यावर समाधान मानले, आणि एका कोपऱ्यातल्या वाफ्यापुरते जुने औषधही हाताशी ठेवले.

'मित्र' या शब्दाबद्दलही सावध राहायला हवे. बदलापुरात माझे एक परिचित खोलीत धिंगरी अळिंबी पिकवतात. त्यांच्या पिशव्यांवर हिरवा डाग दिसला की त्यांच्या पोटात गोळा येतो. तो डाग बहुधा ट्रायकोडर्माचाच असतो, कारण अळिंबीही बुरशीच. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी लष्कराचे सुती तंबू कुजले, त्या कुजलेल्या कापडातून याच कुळातली एक जात वेगळी काढली गेली. मिरचीची मित्र, अळिंबीची शत्रू, तंबूंची भक्षक. तिला स्वतःला यातले काहीच ठाऊक नाही. ती तिचे अन्न शोधते आहे. मैत्री हा तिचा गुणधर्म नाही. ओल, शेणखत, सावली आणि त्यांची राखण करणारे कोणीतरी माणूस, एवढे जुळून आले तर आणि तोवरच ती मैत्री.

मला अस्वस्थ करते ते हे माणूस. कल्याण–मुरबाड रस्त्याला भूखंडांच्या जाहिरातींचे फलक आहेत, आणि मामांची दोन्ही मुले माझ्यासारखीच लोकलने नोकरीला जातात. भाजायला एक दिवस पुरतो, मारायला एक सकाळ. मुरवायला मात्र रोज ढिगात हात घालून ओल पाहणारे कोणी घरात असावे लागते. जैविक शेतीच्या गौरवपर लेखनात या रोजच्या हाताचा उल्लेख क्वचितच येतो. पाकिटावर तर तो छापलेलाच नसतो.

आपण भाषेची माणसे 'बुरसटलेला' हा शब्द टाकून देऊ शकणार नाही, आणि त्याची गरजही नाही. फक्त विद्यार्थ्याने तो निबंधात वापरला की मी हल्ली समासात एक प्रश्न लिहितो : कोणती बुरशी?