भिंतीवरचे ओझे

वडखळजवळचे डोलवी हे गाव आज पोलादासाठी ओळखले जाते. पूर्वी इस्पात उद्योगसमूहाचा आणि २०१० पासून जेएसडब्ल्यूकडे आलेला तेथील कारखाना धरमतरच्या खाडीलगत अहोरात्र धगधगत असतो. कारखाना, जेटी आणि मालवाहतूक यांतून आलेल्या पगाराने आसपासच्या गावांत कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. घर नवे झाले की न्हाणीघरही नवे हवे, आणि त्याच्या भिंतीला हल्ली दोन फूट बाय चार फुटांची टाइल लागते.

पेणच्या बाजारातील एका लादीच्या दुकानाने हा सारा प्रवास पाहिला. आजोबांनी शहाबादी आणि कडप्पा विकला, वडिलांनी मोझॅक आणि पांढरी चकचकीत टाइल. आताचे शेठ मोरबीहून येणारी व्हिट्रिफाइड टाइल विकतात. माल बदलत गेला, हिशेबाची शिस्त मात्र तीच राहिली. म्हणूनच एका पावसाळ्यात डोलवीचा एक गिऱ्हाईक टाइलचा तुकडा पिशवीत घालून दुकानाच्या पायरीवर आला, तेव्हा शेठनी प्रथम काय केले असेल, तर जुने कोटेशन काढले.

आदल्या रात्री त्या घराच्या न्हाणीघरात सात फूट उंचीवरची एक टाइल निखळून अंघोळीच्या जागेवर पडली होती. गिऱ्हाइकाची वृद्ध आई काही मिनिटांपूर्वीच तेथून बाहेर आली होती. दोन बाय चारच्या, नऊ मिलिमीटर जाडीच्या एका टाइलचे वजन सुमारे १५ किलो भरते. ती कोठे पडली असती, हा विचार दोघांपैकी कोणीही बोलून दाखवला नाही.

"शेठ, मागची बाजू बघा," एवढेच गिऱ्हाईक म्हणाला.

मागची बाजू स्वच्छ होती. सिमेंटचा कणही तिला चिकटलेला नव्हता. चार कोपऱ्यांवर आणि मध्ये लावलेले सिमेंटचे पाच गोळे भिंतीवर जसेच्या तसे होते. टाइल तेवढी सुटून आली होती.

कोटेशनवर ॲडहेसिव्हची ओळ होती. घासाघीस चालू असताना, शेजारच्या दुकानातला भाव ऐकून, शेठनी स्वतःच्या पेनाने ती कापली होती. माल आपण विकला, लावला दुसऱ्याने, असे व्यापाऱ्याला म्हणता येते आणि कायद्याच्या भाषेत ते कदाचित टिकेलही. पण ती कापलेली ओळ शेठच्याच हातची होती.

दुसऱ्या दिवशी ते लाकडी मुठीची छोटी हातोडी घेऊन डोलवीस गेले आणि प्रत्येक टाइल वाजवून पाहिली. निम्म्याहून अधिक पोकळ वाजल्या. त्या घरावर कर्ज देताना मूल्यांकनाचा अहवाल झालाच असणार. असल्या अहवालांत चौरस फूट मोजले जातात, भिंत कोणी वाजवत नाही.

मूळ कारागीरही तेथे आला होता. तो म्हणाला, "शेठ, तीस वर्षं सिमेंटवर लावतोय, एक टाइल पडली नाही." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आठ बाय बारा इंचांची जुनी सिरॅमिक टाइल किलोभराचीही नसे. ती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिते, म्हणून कारागीर ती आधी भिजत घालत, आणि सिमेंटचे पाणी तिच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून तेथेच स्फटिक धरी. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी घेत नाही. सिमेंटला धरायला तिच्यात जागाच नाही. कारागिराचे हात तेच राहिले आणि त्यांच्यातली वस्तू मात्र बदलली. हे त्याला सांगण्याचे काम ज्याने वस्तू विकली त्याचे होते.

त्यात कोकणातला पाऊस. चार महिने भिंत ओल धरते, नंतर सुकते. नवा गिलावा आकसतो, ऊन-गारव्याने भिंत आणि टाइल वेगवेगळ्या मापाने हलतात. नुसते सिमेंट ताठर. ते हलत नाही, सुटते. ॲडहेसिव्हमध्ये सिमेंटबरोबर पॉलिमर असते, ते गुळगुळीत पृष्ठालाही धरते आणि थोडे लवतेही. यासाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत ॲडहेसिव्हचे पाच प्रकार आहेत. शिवाय जे लवते त्याला 'एस' आणि जे उभ्या भिंतीवरून घसरत नाही त्याला 'टी' अशी खूण असते. पोत्यावरची ही अक्षरे वाचल्याविना भिंतीसाठी पोते उचलू नये.

न्हाणीघर पुन्हा झाले. गिलाव्यावरचे सुटे थर खरवडून ओळंबा लावला. भिंत जेथे आत गेली होती तेथे गिलाव्यानेच भरली, कारण खड्डे भरणे हे ॲडहेसिव्हचे काम नव्हे. तो गिलावा पुरता मुरू दिला आणि मगच ओल रोखणारा लेप चढला. प्रत्येक टाइलच्या मागची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसली. भट्टीत टाइल चिकटू नये म्हणून ती भुकटी लावलेली असते, आणि ती तशीच राहिली तर उत्तम ॲडहेसिव्हही टाइलला नव्हे, धुळीलाच चिकटते.

पाणी मापून घातले. कालवलेला माल काही मिनिटे ठेवून पुन्हा ढवळला. घट्ट होऊ लागल्यावर त्यात पाणी घालण्याची सवय मोडणे कारागिराला सर्वांत जड गेले. दातेरी थापीने भिंतीवर एकाच दिशेने सरळ रेघा ओढल्या, टाइलच्या पाठीवरही पातळ थर दिला, आणि टाइल दाबून रेघांच्या आडव्या दिशेने किंचित सरकवली, म्हणजे रेघा मोडून आतली हवा निघून जाते. पहिली टाइल लावून लगेच उचलून पाहिली. अमेरिकेतील मानकांनुसार कोरड्या जागी टाइलच्या पाठीचा निदान ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के भाग भरलेला हवा. पाच गोळ्यांच्या पद्धतीत तो त्याच्या जवळपासही जात नाही, आणि पोकळीत साचलेले पाणी पुढचे काम करते. काम खालून वर गेले, टाइलांमध्ये तीन मिलिमीटरची फट सोडली, आणि ग्राउट पूर्ण एक दिवसानंतर भरले.

नव्या टाइलांचा आणि ॲडहेसिव्हचा खर्च शेठनी सोसला, मजुरी गिऱ्हाइकाने दिली. अर्धे-अर्धे म्हणण्याइतका तो व्यवहार सरळ नव्हता, पण दोघेही त्यावर थांबले.

ॲडहेसिव्हलाही मर्यादा आहेतच. जिप्समच्या गिलाव्यावर ब्रिटिश मानक प्रति चौरस मीटर २० किलोंपर्यंतच भार मान्य करते, आणि दोन बाय चारची टाइल एकटीच त्याच्या वर जाते. घराच्या बाहेरच्या उंच भिंतीवर किंवा जाड दगडी पाट्यांसाठी स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प लागतात. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंडी तार गंजून जाते. असे काम विचारणाऱ्याला शेठ आता अभियंत्याकडे पाठवतात.

पेणच्या दुकानात हल्ली मोठी टाइल घेणाऱ्याला आधी भिंत कशाची ते विचारले जाते आणि ॲडहेसिव्हची ओळ कापली जात नाही. त्यापायी काही गिऱ्हाइके गेली. दुकान सांभाळू लागलेल्या मुलाला ते अजून पटलेले नाही. बाजारात सगळेच विकतात, मग आपणच का, असे तो जेवताना वडिलांना विचारतो. डोलवीचा तो तुकडा मात्र गल्ल्यामागच्या फळीवर, स्वच्छ पाठ बाहेर करून, ठेवलेला आहे. गेल्या महिन्यात नागोठण्याचा एक गिऱ्हाईक भाव पाडून मागत होता, तेव्हा मुलानेच तो उचलून त्याच्या हातात दिला.