मग?

शनिवारी दुपारी चार वाजता माझ्या जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक निघतं आणि तिथे माझीच एक जुनी शाल अंथरली जाते. उघड्या लाकडावर फासे फार वाजतात आणि खालच्या मजल्यावरचे काका त्या वेळी वामकुक्षीत असतात. टेबलाच्या डोक्याशी माझा भाचा बसतो. पुढ्यात घड्यांचा एक पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतो, रबर लावलेली जाड वही काढतो, पेन्सिलीला टोक करतो आणि बाकीचे पाच जण येईपर्यंत भिंतीकडे बघत पुटपुटत राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पोरगं तोंडी परीक्षेला बसतंय.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. खेळणारे नुसतं डी अँड डी म्हणतात, आणि आडोशामागे बसतो तो डीएम, म्हणजे डंजन मास्टर. सोंगट्या असल्या तर असल्या, नसल्या तरी अडत नाही. शेवटी कोण जिंकलं असं विचारलंत तर ही मुलं तुमच्याकडे दयेने बघतात. पाच जण पाच वेगळी माणसं होतात, कुणी चोर, कुणी वैदू, कुणी तलवारबहाद्दर. डीएम त्यांना सांगतो की पुढे नदी आहे, पूल मोडलेला आहे, पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील हलवतंय. मग तो थांबतो आणि विचारतो, ‘‘मग? काय करताय?’’

परवा या टेबलाची शंभरावी बैठक झाली.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे असा आकडा समोर आला की हात आपोआप कागदाकडे जातो. तीन वर्षांत 156 शनिवार. त्यातले 100 टेबलाला लागले. उरलेले 56 गणपती, दिवाळी, दोन लग्नं, एक बाळंतपण, ऑफिसच्या ‘जरा अर्जंट’ कामांनी आणि पुण्याच्या पावसाने खाल्ले. बैठक चार तासांची, म्हणजे 400 तास. पाचही जणांना मोकळा असलेला शनिवार शोधणं हे या खेळातल्या कुठल्याही राक्षसापेक्षा अवघड, असं ही मुलंच म्हणतात. तो राक्षस 100 वेळा मारणाऱ्याचा सत्कार व्हायला हवा, एवढं मलाही पटलं.

खरं सांगायचं तर या खेळाशी माझी ओळख फाशांमुळे झाली. एके शनिवारी केर काढताना शोकेसखाली एक निळा फासा सापडला. हातात घेतला आणि ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. वीस त्रिकोणी पृष्ठं, बारा शिरोबिंदू, तीस कडा. वर्षानुवर्षं फळ्यावर जी घनाकृती वाकडीतिकडी काढली, ती अशी तळहातावर बसेल हे कधी वाटलं नव्हतं. समोरासमोरच्या दोन पृष्ठांची बेरीज 21 येते, तीही तिथेच उभी राहून तपासली. पुढच्या शनिवारी पुरा संच पाहिला. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे फासे, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारख्या अशा ज्या पाचच घनाकृती या जगात शक्य आहेत, त्या पाचही. सोबत दहा पृष्ठांचा एक आगंतुक, तो या घराण्यातला नव्हे. हे मी त्या मुलांना सांगितलं, तेव्हापासून त्यांच्या लेखी मी फक्त चहा देणारी मावशी राहिले नाही. हल्ली कुणी दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायला निघालं की मला हाक येते, ‘‘मावशी, वीस पडायचे चान्सेस किती?’’ एकाच फाशावर शंभरात पाच, दोघांपैकी एकावर तरी यायचे शंभरात पावणेदहा. एवढ्यावर ती जीव टाकायला तयार होतात.

पण हा लेख फाशांवर नाही. तो त्या ‘मग’वर आहे.

आमची आजी रात्री गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असायची, हुंकार भरायचा. दर दोन वाक्यांनी कुणीतरी ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ थांबला की आजी थांबायची आणि सगळे झोपले असं समजून कूस बदलायची. जो जागा असेल त्याने घाईघाईने ‘मग?’ विचारायचं, की आटपाट नगरातला राजा पुन्हा शिकारीला निघायचा. सांगणारा एका बाजूला, ‘मग’ दुसऱ्या बाजूला, हा गोष्टीचा करार माझ्या हाडीमाशी भिनलेला. त्या पहिल्या शनिवारी मी ओट्याशी थबकले ती याच कारणाने. गोष्ट सांगणाराच विचारत होता, ‘मग?’ आणि उत्तर त्याला खरोखर माहीत नव्हतं.

ही उलटापालट कुणी शोधून काढली असेल, असं मी भाच्याला विचारलं. त्याने सांगितलेली हकिगत मला फार आवडली, कारण ती फसगतीची आहे. 1960च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा राज्यात काही तरुण पटावर जुन्या लढाया खेळत. त्यांच्यातल्या डेव्हिड वेसली यांनी एकदा नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं, त्याचं नाव ब्राउनस्टाइन. बऱ्याच खेळाडूंना पलटण द्यायच्या ऐवजी त्या गावातलं एकेक माणूस दिलं. लढाई सुरू व्हायच्या आधीच खेळाडू कोपऱ्यांत जाऊन आपापसात कारस्थानं करायला लागले, दोघांनी एकमेकांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं, आणि द्वंद्वयुद्धाचा नियमच वेसलींकडे नव्हता. त्यांनी तो जागच्या जागी बनवला. घोळ इतका झाला की आपला खेळ साफ फसला अशी त्यांची खात्री पटली. खेळाडू मात्र पुढचा खेळ कधी, म्हणून मागे लागले. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होते. त्यांनी या घोळातून ब्लॅकमूर नावाचा आपला मुलूख उभा केला. पुढे त्यांनी आणि गॅरी गायगॅक्स यांनी मिळून 1974 साली तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला काढल्या. पहिल्या खेपेला हजार प्रती. त्या पुस्तिकांमध्ये डीएम हा शब्द नाही, चालवणाऱ्याला नुसतं रेफरी म्हटलंय. मास्टर ही पदवी मागाहून चिकटली. मला विचाराल तर ती जरा चुकलीच, कारण या माणसाच्या ताब्यात फारसं काही नसतं.

माझ्या डोळ्यांदेखतचा दाखला देते. भाच्याने तीन आठवडे खपून एक किल्ला तयार केला होता. आलेखाच्या कागदावर तळघरं, चोरदरवाजे, पाण्याची टाकी, पहारे कधी बदलतात त्याचं वेळापत्रकसुद्धा. बैठकीच्या दिवशी किल्ल्याच्या वाटेवरच्या गावात त्याने सहज शोभेला एक गाढव उभं केलं. पाचही जणांना त्या गाढवाची दया आली. गाढवाचा मालक शोधण्यात चार तास गेले. आधी गावात त्याला मालकच नव्हता. मग भाच्याने तिथल्या तिथे मालक निर्माण केला, मालकाचं कर्ज निर्माण केलं, कर्ज देणारा सावकार निर्माण केला. किल्ला आजतागायत वहीत आहे. सगळे गेल्यावर मी म्हटलं, ‘‘वाईट वाटलं असेल रे.’’ तर म्हणाला, ‘‘छे गं मावशी, मस्त सेशन झालं. सावकार काय भारी निघाला!’’ आपण घडवलेलं माणूस ‘निघालं’ असं तो म्हणतो, पेरूत कीड निघते तसं.

ती वही एकदा मी वाचली. परवानगी मागून वाचली, उगाच गैरसमज नको. पुढचे बेत तीत असतील असं वाटलं होतं. होती ती बहुतेक मागची टिपणं, कोण कधी काय म्हणालं त्याची. पाचांपैकी एक मुलगी दंतवैद्य आहे. चाळिसाव्या बैठकीच्या सुमारास तिच्या चोराने एका घाटावर पाणी विकणाऱ्या पोराला तांब्याचं नाणं दिलं होतं, अगदी जाता जाता. वहीत त्याखाली रेघ. त्र्याऐंशीव्या बैठकीत हे पाचही जण चोरून सरहद्द ओलांडताना पकडले गेले, तेव्हा चौकीवरचा कोवळा शिपाई त्या चोराकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘पाणी घेणार?’’ टेबलावर कुणाला काही उमगेना. मग दंतवैद्य बाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. आपण विसरलेलं आपलं वाक्य कुणीतरी इतके दिवस जपून ठेवलंय, हे कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. घोकून न घेता लक्षात राहिलेली प्रमेयं मी तीन दशकं शोधत होते, म्हणून सांगते, ही साधी गोष्ट नाही.

आडोशामागे पडलेले फासे तो खोटे सांगतो का, हा प्रश्न माझ्यासारखीला पडणारच. तीनदा, त्याने कबूल केलं. दोन वेळा कुठल्या ते सांगितलं नाही. तिसरी वेळ दंतवैद्य मुलीचे वडील गेले त्या पंधरवड्यातली. ती तरीही खेळायला आली होती, आणि त्या दिवशी वीस पडला असता तर तिचा चोर मेला असता. तो पडला. भाच्याने बारा सांगितला. संभाव्यतेच्या नियमांना मी कधीच सवलत दिलेली नाही. त्या दिवशी गप्प बसून कांदा चिरत राहिले.

शंभर म्हणजे फार असं मी म्हणाले, तर त्याने मला कॅनडातल्या एका प्राध्यापकांची चित्रफीत लावून दिली. रॉबर्ट वॉर्डहॉ त्यांचं नाव. ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरी वेस्टर्न विद्यापीठात ते इतिहास शिकवतात. मॅकेंझी किंग या कॅनडाच्या पंतप्रधानांवर आणि तिकडच्या प्रेअरी मुलखावर त्यांचं पुस्तक आहे. 1982 मध्ये, शाळकरी वयात, त्यांनी एक खेळ मांडला, आणि तोच चालू आहे. नवा नव्हे, तोच. 2022 साली त्याला 40 वर्षं झाली. त्याला वेगळं नाव नाही, मंडळी नुसतं ‘द गेम’ म्हणतात. घराच्या तळघरात डोंगर, तटबंद्या, गल्ल्या आणि हजारो रंगवलेल्या सोंगट्या फळ्यांवर ओळीने उभ्या. पन्नासहून अधिक माणसं त्या टेबलाशी बसून गेली.

चित्रफीत बघताना मला त्या सोंगट्यांचं कौतुक कमीच वाटलं. संग्रह काय, पोस्टाच्या तिकिटांचाही होतो. माझ्या डोक्यात राहिली ती खुर्ची. चाळीस वर्षांत माणसं गाव सोडतात, लग्न करतात, भांडतात, कुणी कुणाच्या अंत्ययात्रेला जातं. एवढ्या सगळ्यात एक माणूस ठरलेल्या वेळी टेबलाच्या डोक्याशी येऊन बसतो, म्हणून बाकीच्यांना परत यायला जागा राहते. आमच्या गल्लीत एक भजनी मंडळ होतं, त्यातले पेटीवाले काका असेच. काकांचा आवाज बेताचा, सूरही कधी कधी हुकायचा, पण गुरुवारी सातला पेटीचा भाता हलायचाच. ते गेले आणि वर्षाच्या आत मंडळ पांगलं, गाणारे सगळे धडधाकट असताना. शिवाय इतिहासाच्या माणसाने हा खेळ इतकी वर्षं धरून ठेवावा यात मला गंमत वाटते. वर्गात जे घडून गेलंय ते शिकवायचं, एका अक्षराचा फरक करता येत नाही. घरी येऊन तळघरात उतरायचं आणि विचारायचं, मग?

तर शंभरावी बैठक. केक होता, त्यावर वीस पृष्ठांचा फासा काढायचा बेकरीवाल्याचा प्रयत्न होता, तो षट्कोनी आंब्यासारखा दिसत होता. केक कापून झाल्यावर भाचा आपल्या खुर्चीकडे वळला, तर तिथे दंतवैद्य मुलगी आधीच बसलेली. ‘‘आज तू तिकडे बस,’’ ती म्हणाली. पाच जणांचा कट. जो कायम चालवतो आणि कधीच खेळत नाही त्याला ही मुलं फॉरएव्हर डीएम म्हणतात. आजच्यापुरता त्यांनी तो शाप उठवला होता.

त्याच्यासमोर कोरं पान ठेवलं, पात्राचं नाव घाल म्हणून. मी त्याच्या वहीतली नावं मोजली आहेत. तीन वर्षांत त्याने 212 माणसांना नावं दिली, त्यात एक गाढव धरलेलं नाही. स्वतःसाठी एक सुचेना. दहा मिनिटं पेन्सिल चावून शेवटी म्हणाला, ‘‘नाव नंतर सांगतो. तोवर आलेला पाहुणा म्हणा.’’

ती मुलगी कागदावरून भरभर वाचत होती, कान लाल झालेले. खाडी, संध्याकाळ, शेवटची नाव, नावेत हा एकटा. नाव मध्यावर आल्यावर नावाड्याने वल्हं उचलून आत ठेवलं. एवढं वाचून तिने मान वर केली.

‘‘मग? काय करतोस?’’

भाचा आडोशाकडे बघत बसला होता. ‘‘या बाजूला ड्रॅगनचं चित्र आहे,’’ तो म्हणाला, ‘‘मी विसरलोच होतो. मला तिकडून नुसते तक्तेच दिसतात.’’ सगळे हसले. मग तो सावरून बसला, शाल हाताने सरळ केली.

‘‘नावाडी केवढा आहे वयाने?’’

हे तिच्या कागदावर नव्हतं. तिने तो उलटून पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं, ओठ हलले. मी ओट्याशी दुधाखालचा गॅस बारीक केला.

‘‘साठीचा,’’ ती म्हणाली. ‘‘आणि... एका कानाने ऐकू येत नाही त्याला.’’

‘‘कुठल्या?’’ भाच्याने विचारलं, आणि पेन्सिल शोधायला लागला.