फुकटचा चोथा

आमचे घर झाशीच्या जुन्या वस्तीत, गणेश मंदिराच्या जवळ. १८४२ मध्ये मनूचे, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईंचे, लग्न या मंदिरात झाले. या भागात मराठी घरे अजूनही आहेत. सासूबाईंचे माहेरही इथलेच. त्यांचे अर्धे वाक्य मराठीत, अर्धे बुंदेलीत.

सासूबाई दरवर्षी गच्चीवर सांडगे, कुरडया घालतात. नवी सून म्हणून आले तेव्हा मला या वाळवणाचा मनस्वी कंटाळा होता. पण याच वाळवणाने एकदा माझी लाज राखली.

ह्यांची नोकरी सुटली आणि आम्ही मागच्या अंगणात ससे पाळायचे ठरवले. चार माद्या, एक नर. मादी एकतीस दिवसांत विते, एका वेळी सहा-सात पिल्ले होतात, हा हिशेब ऐकायला फार गोड होता. काही ससे पाळणारे नेतील, काही मांसासाठी जातील, हे कळल्यावर सासूबाईंनी नाक मुरडले. पण मुलाचा उतरलेला चेहरा पाहून गप्प बसल्या.

पाच-सहा महिन्यांत पिंजरे भरले आणि हिशेबातला खड्डा दिसू लागला. पैसा सगळा खाद्यावर जात होता. बुंदेलखंडात पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे हिरवा चाराही वर्षभर मिळत नाही. अशात पलीकडच्या गल्लीत पेरूची जेली आणि आवळ्याचा रस करणाऱ्यांकडे चोथ्याचे ढीग पडलेले पाहिले. मी विचारले, तर म्हणाले, "भाभीजी, जितना चाहिए ले जाइए." मला घबाडच सापडले!

बादली भरून आणली आणि सगळ्या पिंजऱ्यांत ओंजळीने टाकली. ससे तुटून पडले. माझा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पोटे फुगली, हगवण लागली आणि आईपासून नुकतीच तोडलेली सात पिल्ले गेली. हे काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणेच मला जास्त लागले.

पशुवैद्यांनी चूक समजावून सांगितली. सशाच्या आंधळ्या आतड्यात असंख्य जंतू असतात. तेच चाऱ्यातला चोथा आंबवून पचवतात. त्यातून बनलेल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो आणि त्यातून पोषण मिळवतो. खाद्य एकदम बदलले की या जंतूंची घडी विस्कटते, लहान पिल्लांची तर लगेच. शिवाय ओला चोथा काही तासांत आंबतो, त्याला बुरशी धरते. आवळ्याच्या चोथ्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असते, ते जास्त झाले तर प्रथिने पचत नाहीत. आणि मुळात फळांच्या चोथ्यात प्रथिने कमीच. म्हणजे तो जोडखाद्य म्हणून चालेल, पोटभर जेवण म्हणून नाही.

ज्या झाशीत १९६२ पासून गवत आणि चाऱ्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, त्याच गावात मी कोणालाही न विचारता बादली ओतली होती!

उरलेला चोथा फेकायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ओले सांडगे कधी डब्यात भरतात का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच जुने लुगडे अंथरले. ताजा चोथा फडक्यात घट्ट पिळला, पातळ पसरला, दुपारी उलटला आणि दव पडायच्या आत घरात आणला. मुठीत चुरगाळला की कुरकुर वाजला पाहिजे, ही त्यांची परीक्षा. एकदा धुक्यात दोन दिवस ऊन पडले नाही आणि चोथ्यावर बुरशीची पांढरी लव आली. माझा हात घुटमळला. त्या म्हणाल्या, "फुकटचं म्हणून विष घालशील का?" सगळा खड्ड्यात गेला.

वाळलेला चोथा भरडून मी आधी चिमूटभर देऊ लागले, दहा-बारा दिवसांत शंभर ग्रॅम खुराकात दहा ग्रॅमपर्यंत आले. त्यापुढे गेले नाही. पेरूचा जास्त, आवळ्याचा नावाला. गवत आणि बरसीम कधी बंद केले नाही. नुकत्याच तोडलेल्या पिल्लांना तर मी चोथा देतच नाही.

यातून आम्ही श्रीमंत झालो नाही. खाद्याचे बिल थोडे उतरले, एवढेच. पण ज्या महिन्यात ह्यांनी वहीत प्रथमच शिल्लक मांडली, त्या महिन्यात ती वही त्यांनी आधी सासूबाईंपुढे ठेवली.

गिऱ्हाईक ससे न्यायला येते त्या दिवशी सासूबाई आजही देवघरात जाऊन बसतात. मी त्यांना बोलवत नाही. पण संध्याकाळी चोथा उचलायची वेळ झाली की, गुडघे धरत का होईना, त्या गच्चीवर येतातच.

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कष्टाने चुकवावी लागते. माझ्या वाटची पहिली किंमत त्या सात पिल्लांनी चुकवली, हे मात्र मी विसरत नाही.