हाताला परत दिलेला वारा

मामांच्या बोटीवर मी पहिल्यांदा सुकाणू धरलं तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. पाचूबंदरातून निघालो होतो. वसईच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी आणि समुद्राची लाट एकमेकांना भिडतात. तिथे पोचलो आणि मुठीतला लाकडी दांडा एकाएकी जागा झाला. आधी थरथरला, मग दाव्याला हिसका देणाऱ्या वासरासारखा ओढ घेऊ लागला. मी घाबरून मामांकडे पाहिलं. ते जाळं सोडवत बसले होते, त्यांनी मानही वर केली नाही. "आवळू नको," एवढंच म्हणाले, "धर, आणि ऐकत राहा."

पुढे माझी सगळी नोकरी विमानांच्या हँगरमध्ये गेली. पहाटेची विरार लोकल, अंधेरीला गाडी बदलून सांताक्रूझ, दिवसभर ग्रीस आणि तेल. समुद्र सुटला, पण तो दांडा सुटला नाही. वेगवेगळ्या रूपांत तो मला भेटत राहिला.

विमानाच्या शेपटाला आडवा पंख असतो आणि त्याच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी फळी. तिचं नाव एलिव्हेटर. नावावरून वाटतं की ती विमान वर उचलत असेल. खरं तर फळी वर वळली की हवा शेपूट खाली दाबते, आणि शेपूट दबलं की नाक वर येतं. म्हणजे आडवं केलेलं सुकाणूच. जुन्या विमानांत वैमानिकाचा दांडा आणि ही फळी पोलादी तारांनी थेट जोडलेली असे. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पुस मॉथ विमान असंच होतं. येताना अर्नाळ्याचा किल्ला आणि आमची खाडी त्यांच्या पंखाखालून गेली असणार, असं मी लहानपणापासून मनाशी धरून आहे. त्या दिवशीचा वारा शेपटावरून तारेत आणि तारेतून त्यांच्या मुठीत येत होता, एवढं मात्र नक्की.

मग विमानं मोठी आणि वेगवान झाली. वेग दुप्पट झाला की हवेचा दाब चौपट होतो, आणि तेवढ्या दाबापुढे माणसाचं मनगट काय टिकणार? म्हणून फळी हलवायला हायड्रॉलिक जॅक आले. दर चौरस इंचाला तीन हजार पौंड दाबाचं तेल कितीही जोराच्या वाऱ्याला हटवतं. पण त्यात एक गोष्ट हरवली. हाताचा निरोप फळीपर्यंत पोचू लागला, फळीचा निरोप मात्र जॅकपाशीच अडला. दांडा नुसता हलका झाला असता तर वैमानिकांनी आनंदाने घेतला असता, पण तो मुका झाला. भर वेगात मुका दांडा जरासा जास्त ओढला गेला तर विमानाच्या सांगाड्यावर झेपणार नाही इतका भार येऊ शकतो.

यावर काढलेला उपाय मी प्रत्यक्ष पाहिला तो बोइंग ७३७वर. त्याच्या शेपटाच्या उभ्या पंखावर दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी असते. समोरून येणारी हवा त्या नळ्यांत शिरते आणि आतल्या एका यंत्राला वेग कळतो. वेगाच्या प्रमाणात ते यंत्र वैमानिकाच्या दांड्याला उलटा जोर लावतं. त्याची तपासणी जमिनीवर होते. माझा जोडीदार मागे मचाणावर उभा राहून नळीला रबरी पाइप लावायचा आणि पंपाने हवेचा दाब चढवायचा. मी कॉकपिटमध्ये दांडा धरून बसायचो. हँगरचं दार बंद, बाहेर पाऊस, विमान खिळल्यासारखं उभं. आणि माझ्या हातात दांडा हळूहळू जड होत जायचा. विमानाला वाटत होतं आपण उडतोय. मला खाडीचं तोंड आठवायचं. "आला का जोर?" तो हेडसेटवरून विचारायचा. पहिल्या वेळी मला लगेच उत्तर देता आलं नाही.

१९८९ साली इंडियन एअरलाइन्सकडे एअरबस ए-३२० आलं. संगणकाच्या अंकी भाषेवर चालणारं, फ्लाय-बाय-वायर असं हे जगातलं पहिलं प्रवासी विमान. त्यात दांड्यापासून एलिव्हेटरपर्यंत तार जातच नाही, जातो तो विजेचा संदेश. वैमानिकाच्या बाजूला वीतभर उंचीची साइडस्टिक, तिच्याखाली स्प्रिंग. वेग कितीही असो, स्प्रिंगचा जोर तोच. शिवाय ती स्टिक फळीला 'इतके अंश वळ' असं सांगतच नाही. 'विमानावर इतका भार येऊ दे' असं ती संगणकाला सांगते आणि फळी किती हलवायची ते संगणक ठरवतो. हात सोडला तर विमान धरलेली वाट धरूनच राहतं. प्रत्येक एलिव्हेटरला दोन जॅक, एक काम करतो, दुसरा सोबतीला. सगळे संगणक गेलेच तर दोन वैमानिकांच्या मधलं चाक हाताने फिरवून शेपटाचा अख्खा आडवा पंख हलवता येतो; त्या चाकामागे मात्र अजूनही पोलादी तार आहे.

या विमानातली एक गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. उतरताना शेवटच्या क्षणी वैमानिक दांडा हळूच मागे ओढतो. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पण जे विमान आपणहून वाट धरून राहतं, त्याला ती ओढ जुन्यासारखी लागतच नाही. म्हणून संगणक पन्नास फुटांवर नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि तीस फुटांपासून ते नाक हळूहळू खाली नेऊ लागतो, आठ सेकंदांत उणे दोन अंशांपर्यंत. का? तर हाताला ओढावंसं वाटावं म्हणून. कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसलं आणि माणसाच्या हाताची आठवण त्या यंत्रात लिहून ठेवली. हाताला अशी परत दिलेली जाणीव, तिला कृत्रिम म्हणतात. मला तो शब्द पुरत नाही. आंधळ्या माणसाला रस्ता सांगणारा शेजारी रस्ता बनवून सांगत नसतो.

तरी एक गोष्ट मला अजून सलते. त्या दोन साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत. एकाने ओढली तरी दुसरी जागची हलत नाही. १ जून २००९च्या रात्री अटलांटिकवर एअर फ्रान्सचं, अशाच साइडस्टिकचं ए-३३० कोसळलं आणि २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला होता. एक वैमानिक बराच वेळ स्टिक मागे ओढून होता आणि ते शेजाऱ्याच्या हाताला कळायला वाट नव्हती. कारण एवढं एकच नव्हतं. पण बोइंगने ७७७ विमान विजेच्या संदेशांवर नेतानाही दोन्ही दांडे जोडलेले ठेवले, वेगाप्रमाणे जड होणारे ठेवले. त्या बाबतीत माझं मन बोइंगकडे झुकतं. पुढे गल्फस्ट्रीम जी-५०० विमानात साइडस्टिकच एकमेकींसोबत हलू लागल्या, ते वाचलं त्या रात्री मला बरं वाटलं होतं.

गेल्या डिसेंबरात मामेभावाच्या मुलाने नव्या बोटीवर बोलावलं. चाकाचं स्टिअरिंग, जीपीएस, मासळी दाखवणारा पडदा. मामाही आले होते. आता त्यांना नीट दिसत नाही. पोराने त्यांना जाळ्यांच्या ढिगावर बसवलं, मी चाकापाशी उभा राहिलो. खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत, चाकाला काही कळायच्या आत, मामांनी बसल्या जागी तळहात फळीवर टेकवला.

"पाणी फिरलं," ते म्हणाले.

मी चाकावरची पकड सैल केली.