नवख्याचा समुद्र

अंदमानातील स्वराज द्वीपाला २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणत. श्वासयंत्र लावून बुडी मारण्याचे प्राथमिक प्रमाणपत्र मला तेथेच मिळाले. अशा नवख्याने १८ मीटरांहून खोल जाऊ नये, असा नियम आहे. ‘डिक्सन्स पिनॅकल’ येथील खोल पाण्यातले सुळके मला खुणावीत होते. परंतु मी निवडला तो किनाऱ्यालगतचा उथळ ‘नेमो रीफ’.

त्याला कारण होते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तेथे फुप्फुसांत भरलेली हवा पृष्ठभागी येईपर्यंत दुपटीने फुगते. म्हणून वर येताना श्वास रोखणे म्हणजे फुप्फुसे फाडून घेणेच होय! श्वास अखंड चालू ठेवावा, सावकाश वर यावे, ५ मीटरांवर ३ मिनिटे थांबावे. हे सारे अंगवळणी पडण्यास उथळ पाण्यासारखी दुसरी शाळा नाही.

आणि ही शाळा किती रम्य! खोल पाण्यात तांबडा रंग प्रथम लोपतो. येथे मात्र सूर्यप्रकाशात सारे रंग खुलतात. समुद्रफुलांच्या झुलत्या झुपक्यांतून पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी विदूषक मासे डोकावतात.

मुलांनो, खोल समुद्र कोठे पळून जात नाही. ज्याला थांबता येते, त्यालाच तो एके दिवशी आपले अंतरंग दाखवितो.